लंडन : मुलासाठी प्री-प्रेप कशी पारखावी?

पटनीकर
आम्ही नैऋत्य लंडनमध्ये राहतो. मुलगा ऑगस्टचा, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान; पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्या वर्गात) जाईल. पुढे सेव्हन प्लस (सातव्या वर्षीची प्रवेश परीक्षा) देऊन सेंट पॉल्स ज्युनियर्स किंवा किंग्ज, विंबल्डन या खासगी शाळांचा विचार आहे, म्हणून मुलग्यांच्या प्री-प्रेप (साधारण सात वर्षांपर्यंतच्या खासगी शाळा) बघतोय. घरी मराठीच बोलतो. चार वर्षांच्या पोराची परीक्षा घेतात म्हणजे नक्की काय करतात? आणि शाळेला काय विचारावं?

मीनल_रि
लेखी काही नसतं. चार-सहा मुलांना एका खोलीत नेतात, आईवडील बाहेर. गोष्ट ऐकवून दोन प्रश्न, मणी ओवणं, कात्रीनं कापणं, माणसाचं चित्र, दहापर्यंत वस्तू मोजणं. "लाल ठोकळा घे आणि खोक्यामागे ठेव" अशी दुहेरी सूचना हमखास असते. मुलं अडकतात ती बहुधा आईचा हात सोडताना, नाहीतर सूचना अर्धीच ऐकून धावल्यामुळे. म्हणून पाठांतर नको, शिकवणी तर मुळीच नको. घोकलेली उत्तरं शिक्षिकांना लगेच कळतात. मराठी अजिबात बंद करू नका. रोज गोष्ट वाचा, मध्येच थांबून "आता काय होईल?" विचारा. रंग, आकार, "मागे-पुढे-खाली" हे शब्द इंग्रजीतूनही कानावर पडू द्या.

सदाशिव_केंट
शाळेला एकच गोष्ट खोदून विचारा: गेल्या तीन वर्षांत मुलं सातव्या-आठव्या वर्षी प्रत्यक्ष कुठे दाखल झाली? संकेतस्थळावर बहुतेकदा 'ऑफर्स' मोजलेल्या असतात. एका हुशार मुलाला पाच शाळांनी बोलावलं तर यादीत पाच आकडे वाढतात, मुलगा मात्र एकच. वर्गात किती मुलं होती तेही विचारा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. प्री-प्रेपला स्वतःची प्रेप (त्यापुढच्या वर्गांची शाळा) जोडलेली असेल, तर सातव्या वर्षी बाहेर जाणाऱ्यांची तयारी तिथे करून घेतात का, की मुलं टिकवून ठेवण्याकडे कल असतो? आणि आतल्या आत वर जाताना चाळणी लागते का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची शाळा बघा.

पटनीकर
ऑगस्टचा असल्याचा तोटा होईल का? एक वर्ष थांबवावं?

मीनल_रि
बऱ्याच शाळा महिन्यांप्रमाणे गट करतात किंवा वयानुसार गुण जुळवतात. नेमकं कसं, ते प्रवेश विभागाला विचारा. थांबवण्याआधी सेव्हन प्लसचं बघा: तिथे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट ही जन्मतारखेची चौकट असते. आता मागे ठेवलेला मुलगा तेव्हा चौकटीबाहेर पडू शकतो.

हिशेबी
पैशांचं कुणी बोललं नाही. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे आणि रिसेप्शनलाही तो लागतो. आकडा व्हॅटसह आहे का ते बघा: व्हॅटशिवाय सत्राचे ८,००० पौंड म्हणजे हातात पडणारं बिल ९,६००. जेवण, बस, क्लब यांचं वेगळं विचारा.

सही करण्यापूर्वी करार पूर्ण वाचा. शाळा सोडायची तर साधारणपणे एक पूर्ण सत्र आधी लेखी नोटीस लागते: जुलैत काढायचं तर उन्हाळी सत्र सुरू होण्याआधी. चुकलात की एका सत्राची फी भरावी लागते. जागा स्वीकारून मग नकार दिला तरी बऱ्याच करारांत हेच कलम असतं, अनामत जाते ती वेगळीच.

काहीही ठरो, कौन्सिलचा सरकारी शाळेचा अर्ज १५ जानेवारीच्या आत भराच. निकाल १६ एप्रिलच्या सुमारास लागतो, अर्जाला पैसे पडत नाहीत आणि खासगी शाळेत जायला त्याची आडकाठी नाही.