मदत हवी आहे: ८० रकान्यांच्या मागणीपत्रात साल कसं ओळखायचं?

मंडळी, पुरवठा साखळीच्या अभ्यासक्रमासाठी प्रोजेक्ट करतोय. अमेरिकी संरक्षण खात्याच्या जुन्या 'मिलस्ट्रिप' पद्धतीतली साहित्याची मागणी (१९६२ पासूनची, पंचकार्डाच्या मापाची, ८० अक्षरांत सगळं कोंबलेलं) त्याच खात्याच्या नव्या 'डीएलएमएस' पद्धतीच्या एक्स१२ (संगणकांमध्ये व्यवहार पाठवायचं ठरावीक स्वरूप) संदेशात, म्हणजे ५११आर या मागणीच्या संदेशात, बदलणारा छोटा प्रोग्राम लिहितोय. डेटा सरावाचाच आहे, जाहीर मॅन्युअल बघून बनवलेला. गुप्त काही नाही!

स्टॉक नंबर, नग, प्राधान्य हे सरळ जुळलं. अडलंय तारखेवर. प्रत्येक मागणीची ओळख असलेल्या १४ अक्षरी डॉक्युमेंट नंबरमध्ये तारीख चारच अंकी: सालाचा शेवटचा अंक आणि वर्षातला कितवा दिवस. ५०३२ म्हणजे १ फेब्रुवारी, पण २०१५ की २०२५? एक्स१२ला पूर्ण आठ अंकी तारीख लागते. सध्या मी आजच्या आधीचं सगळ्यात जवळचं साल धरतोय. पण एखादी मागणी दहा वर्षं रेंगाळली असेल तर सगळंच ओमफस.

दुसरं, उलट दिशेने, म्हणजे एक्स१२मधून जुन्या स्वरूपात येताना, वस्तूंचे अनुक्रमांक (सिरीयल नंबर) ८० रकान्यांत मावतच नाहीत. ते वेगळ्या टेबलात ठेवून डॉक्युमेंट नंबरने जोडले तर चालेल का? बँकेत किंवा गोदामात असलं स्थलांतर केलेल्या कोणी सांगितलं तरी चालेल.