क्रिस क्रिस्टोफरसन: हेलिकॉप्टरची गोष्ट खरी आहे का?

सूरवेडा

मंडळी एक प्रश्न आहे. जॅनिस जॉप्लिनचं 'मी अँड बॉबी मॅगी' मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते तिनेच लिहिलंय असं धरून चाललो होतो, आत्ता कळलं की ते क्रिस क्रिस्टोफरसन नावाच्या माणसाचं आहे, मग त्याच्याबद्दल वाचायला बसलो आणि डोकंच गरगरलं. ऑक्सफर्डला ऱ्होड्स स्कॉलर (म्हणजे तिथली मानाची शिष्यवृत्ती मिळवलेला), मग अमेरिकन आर्मीत हेलिकॉप्टर पायलट, कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत गेलेला, आणि हे सगळं सोडून नॅशविलला, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत, स्टुडिओत झाडलोट? वर अजून ती गोष्ट, की बडा कंट्री गायक जॉनी कॅशने गाणी ऐकावीत म्हणून गड्याने त्याच्या अंगणातच हेलिकॉप्टर उतरवलं, एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात बिअर. हे खरंच झालंय की नंतर मीठमसाला लावलाय? आणि चांगली नोकरी सोडून माणूस फरशी पुसायला का जाईल हे कुणी नीट सांगेल का, कारण जिथे बघावं तिथे 'स्वप्नाचा पाठलाग' एवढंच लिहिलंय आणि त्याने माझं काही समाधान होत नाही.

टेपरेकॉर्डर

हेलिकॉप्टर खरं, बिअर खोटी. निदान स्वतः क्रिस तरी तसंच सांगायचा. तो तेव्हा टेनेसी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेत होता, उडवायला हेलिकॉप्टर मिळायचं, ते घेऊन तो हेंडरसनविलला तळ्याकाठच्या कॅशच्या घरी उतरला इतकं नक्की. पण टेप आणि बिअरचं वर्णन कॅशचं, आणि कॅशला गोष्ट रंगवून सांगायची भारी हौस. क्रिसचं म्हणणं असं की ते यंत्र चालवायला दोन्ही हात लागतात, बिअर कुठल्या हातात धरणार, आणि कॅश तर तेव्हा घरी होता असंही त्याला वाटत नव्हतं. त्या दिवशी नेलेलं गाणंही, लोक सांगतात तसं, 'संडे मॉर्निंग कमिंग डाऊन' नव्हतंच म्हणे, भलतंच कुठलंतरी होतं जे पुढे कुणी गायलं नाही.

मला त्या गोष्टीचा जरा रागच येतो. ती ऐकून वाटतं की एक धाडस केलं आणि नशीब उघडलं. तसं काही नव्हतं. तो १९६५ ला नॅशविलला आला आणि खरं नाव व्हायला १९७० उजाडलं. मधली काही वर्षं कोलंबिया रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत फरशा पुसणं, अॅशट्रे रिकामे करणं. १९६६ मध्ये बॉब डिलन तिथेच 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' हा आल्बम रेकॉर्ड करत होता आणि हा तिथेच कामावर, पण एक शब्द बोलायची हिंमत झाली नाही. स्टुडिओतल्या माणसाने कलाकारांना गाणी दाखवायची नाहीत असा दंडक होता, म्हणून हा कॅशबरोबर गाणाऱ्या, पुढे त्याची बायको झालेल्या जून कार्टरच्या हातात टेप सरकवायचा, की बाई तुम्ही तरी कॅशला द्या. कॅशच्या घरी अशा टेपांचा ढीग पडायचा, त्यातल्या बऱ्याच तळ्यात गेल्या असंही सांगतात. तेव्हा हेलिकॉप्टर वगैरे हे पाच वर्षं दारं ठोठावून दमलेल्या माणसाचं काम आहे.

कोपऱ्यातलाश्रोता

'का सोडलं' ला उत्तर देतो. तो १९३६ चा, टेक्ससमधल्या ब्राऊन्सव्हिलचा, बाप एअर फोर्समध्ये मेजर जनरल. म्हणजे घरात फौजी शिस्त, मुलगा त्याच वाटेने जाणार हे ठरलेलंच. पण ऑक्सफर्डला मर्टन कॉलेजात तो इंग्रजी साहित्य शिकला, विल्यम ब्लेकच्या कवितेने झपाटला, मग आर्मी, पश्चिम जर्मनीत पोस्टिंग, तिथेही बँड काढून गाणी चालूच. पुढचं पोस्टिंग कुठलं माहितीये? वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या अकादमीत, इंग्रजी साहित्याचा शिक्षक म्हणून. तिथे रुजू व्हायच्या आधी सुट्टीत नॅशविलला आला, एका ओळखीने मेरीजॉन विल्किन या गीतकार बाईंना भेटला, रात्र रात्र गाणारे लिहिणारे लोक बघितले आणि राजीनामाच दिला.

आईने पत्र लिहून संबंध तोडले. म्हणजे अगदी शब्दशः, आता तू आमचा कुणी नाहीस या थाटाचं पत्र. हे त्याने पुढे मुलाखतींत बऱ्याचदा सांगितलंय, आणि तो ते हसत सांगायचा, पण मला नाही वाटत ते तेव्हा हसण्यासारखं होतं.

तिरकसराव

थांबा जरा. सगळे 'झाडलोट करणारा गरीब बिचारा' म्हणून डोळे पुसतायत, पण जनरलचा मुलगा, ऑक्सफर्डची डिग्री, पायलटचं लायसन्स, हा माणूस कधीही परत फिरू शकत होता. ज्याला परतीचं दार उघडं आहे त्याने वर्षभर फरशी पुसली तर तो अनुभव, आणि ज्याला नाही तो आयुष्यभर पुसतो त्याला कोण विचारतं. नॅशविलला तेव्हा शाळा अर्धवट सोडून आलेले शेकडो लोक गाणी घेऊन फिरत होते, त्यांची नावं कुणाला माहितीयेत? गाणी चांगली आहेत हे मान्य, पण या दंतकथेत मोठा वाटा 'इतका शिकलेला असून' याचाच आहे.

टेपरेकॉर्डर

@तिरकसराव, मुद्दा अर्धा बरोबर आहे. दार होतं, पण त्यातून आत जायला तो तयार नव्हता आणि घरच्यांनी ते आतून लावलंही होतं. शिवाय पदरात बायको मुलं. धाकट्या मुलाला अन्ननलिकेचा जन्मजात दोष, त्याच्या ऑपरेशनांची बिलं, आणि अमेरिकेत दवाखान्याचं बिल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. म्हणून त्याने लुइझियानात पेट्रोलियम हेलिकॉप्टर्स नावाच्या कंपनीत नोकरी धरली, मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर कामगारांना ने-आण करायची. काही दिवस आखातात, काही दिवस नॅशविलला गाणी विकायला, असं चक्र. 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' त्याने अशाच एका प्लॅटफॉर्मवर बसून लिहिलं. पहिलं लग्न या सगळ्यात मोडलं.

सूरवेडा

अरे बापरे, हे काहीच माहीत नव्हतं. पण मग एक सांगा, गाणी इतकी चांगली होती तर पाच वर्षं कुणी घेतली का नाहीत? आणि मी त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकलं तर खरं सांगू, आवाज काही खास वाटला नाही. घसा बसल्यासारखा. मग पैसे कसे मिळाले?

गीतधंदा

हा प्रश्न खरा मुद्द्याचा, आणि इथेच लोक गोंधळतात कारण आपण गायकाकडे बघतो. नॅशविलचा धंदा तेव्हा गीतकार (म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही करणारा) आणि पब्लिशर यांच्यावर उभा होता. गीतकार पब्लिशरशी करार करतो, नमुन्याची डेमो टेप बनते, पब्लिशर ती घेऊन गायक आणि निर्मात्यांच्या मागे फिरतो, कुणी रेकॉर्ड केलं की त्याला 'कट' मिळाला म्हणतात. दर विकलेल्या रेकॉर्डमागे ठरलेले पैसे, ते गीतकार आणि पब्लिशर वाटून घेतात. आणि रेडिओची गंमत बघा: अमेरिकेत गाणं एएम-एफएम रेडिओवर वाजलं की पैसे गीतकार आणि पब्लिशरला मिळतात, गायकाला नाही. आजही तसंच आहे. म्हणजे एकच गाणं दहा गायकांनी गायलं तर गायक दहा पण दर वेळी कमाई त्याच गीतकाराची. आवाज बसका असला तरी काही अडत नाही.

आता १९७० कडे बघा. रे प्राइसने 'फॉर द गुड टाइम्स' गायलं, हिट. कॅशने 'संडे मॉर्निंग' गायलं, कंट्री चार्टवर एक नंबर आणि सीएमए या कंट्री संगीतवाल्यांच्या संघटनेचा त्या वर्षीचा साँग ऑफ द इयर. सॅमी स्मिथ या गायिकेचं 'हेल्प मी' १९७१ च्या सुरुवातीला वर. जॉप्लिनचं 'बॉबी मॅगी' मार्च १९७१ मध्ये पॉप चार्टवर पहिलं. चार वेगळे आवाज, चार वेगळे श्रोते, लिहिणारा हात एकच. १९७२ च्या ग्रॅमीला बेस्ट कंट्री साँगसाठी पाच नामांकनं होती त्यातली तीन याचीच, आणि 'हेल्प मी' जिंकलं.

आणि आधी का घेतली नाहीत? सुरुवातीची गाणी मुळात कच्ची होती हे एक. पुस्तकी भाषेत लिहायचा, तिथल्या लोकांसारखं साधं लिहायला शिकायला वेळ गेला. साधं म्हणजे सोपं नाही. दुसरं म्हणजे तेव्हाच्या कंट्रीत दुःख चालायचं, दारू चालायची, पण शरीराबद्दल असं सरळ बोललेलं चालायचं नाही. 'हेल्प मी' मधली व्यक्ती प्रेमाच्या आणाभाका मागत नाही, आजची रात्र सोबत थांब एवढंच म्हणते, आणि ते एका बाईच्या आवाजात आलं तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या.

कोपऱ्यातलाश्रोता

@गीतधंदा +१. 'संडे मॉर्निंग' मध्ये होतं काय, तर रविवारी सकाळी एक एकटा माणूस दारूचा उतारा घेऊन घराबाहेर पडतो आणि रस्त्यावरून चालतो. बस. कुठूनतरी तळणाचा वास, कुणीतरी बाप पोरीला झोका देतोय, संडे स्कूलमधली गाणी. 'मी एकटा आहे' असा गळा काढत नाही, दुसऱ्यांचं भरलेलं घर दाखवतो. कॅशच्या टीव्ही शोमध्ये नशेचा उल्लेख असलेला शब्द बदला म्हणून चॅनेलवाले मागे लागले होते, कॅशने ऐन वेळी लिहिलाय तसाच गायला. क्रिस तिथे रायमन ऑडिटोरियमच्या बाल्कनीत बसलेला. माझ्या मते त्या माणसाच्या करिअरमधला सगळ्यात मोठा क्षण तो, अंगणात उतरलेलं हेलिकॉप्टर नाही.

आणि @सूरवेडा, तुझ्या बॉबी मॅगीबद्दल: ते गाणं मोन्युमेंट रेकॉर्ड्सच्या फ्रेड फॉस्टरने सुचवलेल्या नावावरून झालं. ऑफिसच्या बिल्डिंगमधल्या एका सेक्रेटरीचं नाव त्याने सांगितलं, क्रिसने फोनवर भलतंच ऐकलं आणि मॅगी झालं. मूळ गाण्यात बॉबी बाई आहे, पहिल्यांदा रॉजर मिलरने १९६९ ला गायलं, जॉप्लिनने बॉबीचा पुरुष केला. तिने रेकॉर्ड केलंय हे क्रिसला ती गेल्यावर कळलं, ऑक्टोबर १९७० मध्ये, तिचा निर्माता पॉल रॉथचाइल्डने ऐकवलं तेव्हा. ऐकून तो रडला म्हणतात, मला ते सहज पटतं.

तिरकसराव

ठीक आहे, गीतकार म्हणून मानलं. पण १९७० नंतर लगेच तो सिनेमात गेला आणि गाण्याची धार गेली हेही सांगा की. १९७६ च्या 'अ स्टार इज बॉर्न' ने गोल्डन ग्लोब दिलं, आणि १९८० ला 'हेवन्स गेट' ने आपटवलं. तो सिनेमा चार कोटी डॉलरच्या वर गेला आणि तिकीटबारीवर त्याचा दहावा हिस्साही आला नाही. क्रिस मुख्य भूमिकेत, त्यानंतर हॉलिवूडने हात आखडता घेतला. ८० च्या दशकातली गाणी तर निकाराग्वा, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण वगैरे, भाषणंच झाली ती.

टेपरेकॉर्डर

धार गेली हे थोडंफार मान्य, ७० ते ७२ मधल्या उंचीवर तो परत गेला नाही. कोण जातो पण. १९७३ चं 'व्हाय मी' मात्र विसरू नका, भजनासारखं गाणं, स्वतःच्या आवाजात कंट्री चार्टवर एक नंबर. आणि राजकीय गाण्यांनी त्याचं नुकसानच झालं हे खरं, पण सैन्यात कॅप्टन असलेला माणूस स्वतःच्या सरकारला बोल लावतो तेव्हा त्याला वजन असतं. १९८५ ला कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज या कंट्री गायकांबरोबर हायवेमेन हा गट झाला म्हणून गाडी चालू राहिली नाहीतर अवघड होतं.

निळीवही

मी एवढं सगळं ऐकलेलं नाही पण आयरिश गायिका सिनेड ओ'कॉनरचा प्रसंग कुणी लिहिला कसा नाही? १६ ऑक्टोबर १९९२, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, डिलनच्या कारकिर्दीला ३० वर्षं झाली म्हणून कार्यक्रम. त्याच्या दोनच आठवडे आधी तिने टीव्हीवर पोपचा फोटो फाडला होता. क्रिसने तिचं नाव पुकारलं आणि अख्खं गार्डन तिची हुर्यो उडवायला लागलं. त्याला सांगण्यात आलं की तिला स्टेजवरून खाली आण. तो गेला, पण तिच्या कानात सांगितलं की या लोकांपुढे मान खाली घालू नकोस. व्हिडिओ आहे, बघा. ती ठरलेलं गाणं सोडून बॉब मार्लीचं 'वॉर' नुसत्या गळ्यावर म्हणून टाकते आणि नंतर त्याच्या गळ्यात पडते. २००९ मध्ये त्याने तिच्यावर गाणंही केलं. मी त्याला ओळखते ते या पाच मिनिटांमुळे, ग्रॅमीबिमी तुम्हीच बघा.

गीतधंदा

सहीच निळीवही. याच स्वभावाची अजून एक गोष्ट, १९७१ ची. शिकागोत स्टीव्ह गुडमन नावाचा गायक क्रिसच्या कार्यक्रमाआधी गात होता, तो मागे लागला की माझ्या एका मित्राला ऐका. रात्री उशिरा सगळे त्या दुसऱ्या क्लबात गेले, तिथे टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवून झाल्या होत्या, आवराआवर चाललेली. मित्र म्हणजे जॉन प्राइन, आधी पोस्टमन होता. तो गायला, क्रिसने पुन्हा पहिल्यापासून गायला लावलं. नंतर न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर बोलावलं, प्रेक्षकांत अटलांटिक रेकॉर्ड्सचा जेरी वेक्सलर होता, दुसऱ्या दिवशी कराराची ऑफर. स्वतः पाच वर्षं टेप सरकवत फिरला होता, नाव झाल्यावर एका वर्षाच्या आत हे. तिरकसराव, तुमच्या त्या नाव नसलेल्या शेकडो लोकांपैकी एकाचं तरी नाव झालं बघा.

तिरकसराव

हे माहीत नव्हतं. प्राइन माझा लाडका आहे, त्यामुळे आता गप्प बसतो. तात्पुरता.

सूरवेडा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटी काय झालं त्याचं, आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

कोपऱ्यातलाश्रोता

शेवटची काही वर्षं स्मरणशक्तीने त्रास दिला. अल्झायमर म्हणून उपचार चालू होते, २०१६ मध्ये निदान बदललं, लाइम आजार निघाला, मग बराच सुधारला. २०२३ मध्ये विली नेल्सनच्या नव्वदीच्या कार्यक्रमात गायला. २८ सप्टेंबर २०२४ ला हवाईत माऊई बेटावर राहत्या घरी वारला, ८८ वर्षांचा होता.

ऐकायचं म्हणशील तर १९७० चा 'क्रिस्टोफरसन' हा पहिला आल्बम घे. आवाज तसाच घोगरा आहे, तो स्वतःच बेडकाची उपमा द्यायचा स्वतःला, त्यामुळे पहिल्या दोन गाण्यांत सोडू नकोस. आणि 'संडे मॉर्निंग' त्याचं आणि कॅशचं लागोपाठ ऐक, कुठलं आवडलं ते इथे लिही, माझं मत मी नंतर सांगतो.