मदत हवी आहे: वाड्याच्या छतातून रूळ निघाले, नाशिकच्या ट्रामचे असतील का?

वाडेकरी: जरा लवकर सांगा, उद्या दहाला भंगारवाला येतोय. पाडकामात रूळ निघालेत. ट्रामचे असतील तर ठेवतो, नाहीतर किलोवर जातील.

गोदाकाठचा: वाडा कुठला? रूळ किती, लांबी किती, फोटो कुठंय? पत्रिका न देता भविष्य विचारताय.

वाडेकरी: गंजमाळजवळ. पाच आहेत, तुळईऐवजी घातलेले. फोटो चढत नाहीये.

गोदाकाठचा: गंजमाळ हे आधी सांगायचं ना राव! ट्रामचे घोडे तिथंच दम खायचे. १८८९ ची लाइन, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, ८-१० किलोमीटर, मधे सगळं रान. दोन डबे, चार घोडे. आधी ब्रॅडी कंपनीची, मग नगरपालिकेच्या गळ्यात. लागोपाठ दुष्काळ, प्लेग, वर तोटा. १९३१ ते ३३ च्या दरम्यान गुंडाळली. तुमचे रूळ तिचेच, डोळे झाकून ठेवा.

बार्शीवाला: तिचे सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आमची बार्शी लाइट रेल्वेही त्यांचीच, १८९७ ची, तीही अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर. पण आमची मिरज ते लातूर वाढली. तुमची मात्र गावाबाहेर पडली की संपली :)

गोदाकाठचा: बार्शीचा धागा वेगळा काढा.

सागवान_प्रेमी: जुन्या वाड्याचं लाकूड घाईत विकू नका. वाळवी असेल तर आधी

वाडेकरी: लाकडाचं विचारलंच नाहीये हो.

निवृत्त_रूळवाला: डोळे झाकून काही ठेवू नका. एकट्या रुळावरून गेज (दोन रुळांमधलं अंतर) कळत नाही, वजनावरून अंदाज येतो. बार्शीला मीटरमागे साधारण १५ किलोचा रूळ होता. आजच्या मेन लाइनचा ६० चा. एक तुकडा काट्यावर घाला. शिवाय रुळाच्या उभ्या बाजूला कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. रॉकेल, तारेचा ब्रश, मग खडू घासा.

पंचवटीकर: तेव्हा घोड्यांनी का होईना, गावात रूळ होते. आता नाशिक-पुणे रेल्वेची नुसती वाट बघतोय.

गोदाकाठचा: झालं सुरू. राजकारण नको.

वाडेकरी: भंगारवाल्याच्याच काट्यावर घातला. ९ फूट, ४१ किलो.

निवृत्त_रूळवाला: म्हणजे मीटरला १५. हलका रूळ आहे, मेन लाइनचा नक्की नाही. पण असले रूळ माल ढकलायच्या ट्रॉलीलाही घालायचे. लगेच "ट्रामचाच" अशी पाटी लावू नका. साल?

वाडेकरी: चार रुळांवर काही दिसत नाही, नुसता गंज. पाचव्यावर इंग्रजीत १८८ एवढं आहे. पुढचा आकडा जिथं होता तिथंच काल पोरांनी गॅस कटर चालवला. भंगारवाला दारात उभा आहे. चार दिले, हा ठेवलाय.

गोदाकाठचा: कापलेला दुसरा तुकडा कुठंय??

वाडेकरी: टेम्पोत. थांबा, पळतो.