मदत हवी आहे: ग्लुकोज सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांचे आकडे जुळत नाहीत, कोणता खरा धरावा?

शाहूपुरीकर: वडिलांच्या दंडावर गेल्या आठवड्यात साखर मोजणारा सेन्सर बसवला आहे. काल पहाटे मोबाइलवर गजर झाला, आकडा ५८ होता. घाबरून साखरपाणी पाजले आणि बोटातून तपासले, तर ११२. आज संध्याकाळी नेमके उलटे झाले, सेन्सर १६४ आणि ग्लुकोमीटर २३८. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर कोणत्या यंत्रावर विश्वास ठेवावा, एवढेच कृपया सांगावे.

कळंबावाला: वय, गोळ्या, इन्सुलिन, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. साखरपाणी दिल्यावर किती वेळाने बोट टोचले? बराच वेळ गेला असेल, तर ११२ वरून ५८ खोटा ठरत नाही.

पंचगंगाकाठ: हे सेन्सर म्हणजे घबराट विकण्याचा धंदा आहे. मी वर्षानुवर्षे बोटातूनच तपासतो आणि रात्री निवांत झोपतो.

लॅबमधला: बोटाच्या यंत्रालाही चूक माफ असते. आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार ९५ टक्के आकडे, १०० च्या खाली १५ अंकांच्या आणि त्यावर १५ टक्क्यांच्या फरकात बसले की पुरे. शिवाय सेन्सर रक्तातली नव्हे, तर पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. मात्र १६४ आणि २३८ यांतले अंतर तेवढ्याने सुटत नाही. पहाटेच्या ५८ बद्दल विचारतो, वडील सेन्सरच्या कुशीवर झोपतात का? दंड दाबला गेला की आकडा खोटाच खाली घसरतो.

रंकाळा_फेरी: त्यापेक्षा एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्या. आणि शाहूपुरीत हा सेन्सर कोणत्या दुकानात सवलतीत मिळतो?

लॅबमधला: एचबीए१सी ही साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी आहे, पहाटेच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळणार नाही.

शाहूपुरीकर: वय ६९, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. बोट अर्ध्या तासाने टोचले. सेन्सर डाव्या दंडावर आहे आणि ते डाव्या कुशीवरच झोपतात. कागलकडे आमचे गुऱ्हाळ आहे. संध्याकाळी गुळाचे रवे हाताळून आल्या आल्या, फडक्याने हात पुसून तपासले.

लॅबमधला: मग २३८ मध्ये बोटावरच्या गुळाचाही वाटा असणार. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा. स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका. पहाटेचा ५८ दंड दाबल्याचाच वाटतो.

कळंबावाला: "वाटतो" म्हणून तो सोडून देणे मला मान्य नाही. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर पाडत नाही, ग्लिमेपिराइड मात्र पाडते, आणि या वयात तो उतार लांबतो. पुन्हा गजर झाला तर कूस बदलायला लावून लगेच बोट टोचा. ७० च्या खाली असेल, किंवा घाम, थरथर, गोंधळ दिसला, तर पंधरा ग्रॅम साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. लक्षणे असताना आकड्याची वाट पाहू नका. गिळता येत नसेल, तर तोंडाने काही न देता थेट रुग्णालय गाठा.

पंचगंगाकाठ: म्हणजे शेवटी बोटच टोचायचे!

कळंबावाला: टोचायचेच, पण झोपेत साखर उतरत असताना तुमचे यंत्र डब्यात असते, गजर सेन्सरच देतो. शाहूपुरीकर, गुऱ्हाळ चालू असताना वडिलांचे रात्रीचे जेवण लांबते का, आणि गोळी ते कधी घेतात? हे सोमवारपर्यंत न थांबता आजच डॉक्टरांना फोन करून सांगा.