पाणी फोडून परत जोडता येतं, मग तो भौतिक बदल का नाही?

सातवीची आई: मुलीच्या वहीत लिहून दिलंय, भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक नाही. ती विचारते, विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, हायड्रोजन जाळला की परत पाणीच मिळतं. म्हणजे हा बदल उलटतोय की! तिला काय सांगू?

रसायनकाका: ताई, आधी तिला शाबासकी द्या. चूक वहीतल्या व्याख्येत आहे. लाकूड फोडलं तर ते सांधता येत नाही, तरी तो बदल भौतिकच. उलटतो की नाही ही कसोटीच नव्हे. पदार्थ तोच राहिला का, एवढं बघायचं.

पातेल्यात पाणी उकळताना येणारे बुडबुडे वाफेचे असतात, हायड्रोजन-ऑक्सिजनचे नाहीत. हा गैरसमज बारावीपर्यंत टिकलेला मी पाहिलाय! रेणू अख्खे असतात, फक्त एकमेकांपासून सुटलेले. वर थंड ताटली धरा, थेंब जमतात. विद्युत अपघटनात, म्हणजे विजेने पाणी फोडताना, मात्र रेणूच तुटतो. ते दोन वायू नुसते गार करून पाणी होत नाही, ठिणगी लागते. 18 ग्रॅम पाण्याची 100 अंशांवर वाफ करायला सुमारे 41 किलोजूल पुरतात, तेवढंच पाणी फोडायला सुमारे 286 लागतात. जाळून परत पाणी केलं की ती ऊर्जा बाहेर पडते.

1800 साली लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाच्या नव्याकोऱ्या विद्युतघटाने (बॅटरीने) पाणी फोडलं. हायड्रोजन जाळून पाणी मिळतं हे कॅव्हेंडिश या इंग्लिश शास्त्रज्ञाने त्याआधीच दाखवलं होतं.

प्रयोगवही: घरी करून दाखवा. 9 व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, पाण्यात चमचाभर खायचा सोडा. ऋण टोकाला बुडबुडे जास्त येतात, तो हायड्रोजन. ऑक्सिजनच्या दुप्पट.

रसायनकाका: पेन्सिलींनी नेमकं दुप्पट मोजायला जाऊ नका. थोडा ऑक्सिजन पेन्सिलीच्या शिसातल्या कार्बनलाच धरतो. आणि सोड्याऐवजी मीठ अजिबात नको, धन टोकाला क्लोरीन सुटतो.

सातवीची आई: आज संध्याकाळीच करतो. पण पेपरात काय लिहायचं?

रसायनकाका: 'नवे पदार्थ तयार झाले, म्हणून रासायनिक बदल.' पुढे तिने पुरावा लिहावा: पाण्याने आग विझते, हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन जळायला मदत करतो. गुण कापले तर शिक्षकांशी जरूर बोला. प्रयोग खिडकीपाशी, उघड्या भांड्यात करा. दोन्ही वायू एकाच बाटलीत साठवू नका, ठिणगी पडली तर स्फोट होतो.