विद्यापीठात राहून खरंच कुणाच्या उपयोगी पडायचं असेल तर काय करावं? (बॅनर आणि फोटो वगळून)

दुधनाकाठची:

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातली. सध्या पुणे विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्र, पहिलं वर्ष. राहते विद्यापीठाच्याच वसतिगृहात. सकाळी लेक्चर, दुपारी 'कमवा व शिका'चं काम, संध्याकाळी जयकर ग्रंथालय. एवढं करूनही आठवड्याला चार-पाच तास उरतात आणि ते अनिकेत कॅन्टीनला चहा पीत 'यंदा जागा किती निघतील' या चर्चेत जातात. खोटं कशाला बोलू.

बी.ए.ला असताना रासेयोत (राष्ट्रीय सेवा योजनेत) होते. कॉलेजचं नाव नको. तिथलं वृक्षारोपण म्हणजे गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप. रोपाला हात लावायला आठ-दहा जण, आणि उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नाही. निवासी शिबिराच्या गावात आम्ही सकाळी प्रभातफेरी काढून 'शौचालय बांधा, गाव वाचवा' ओरडायचो. ज्या शाळेत आमचा मुक्काम होता तिथल्या संडासाला दार नव्हतं, म्हणून आम्ही मुली सरपंचांच्या घरी जायचो. सात दिवसांत ते दार बसवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, पण समारोपाला फेटे मात्र आले.

तर प्रश्न असा: मी नाही गेले तर कुणाचं तरी अडेल, असं काम विद्यापीठाच्या आवारात किंवा जवळपास आहे का? पैसे घालता येणार नाहीत. रात्री वसतिगृहाच्या वेळेत परतावं लागतं. प्रमाणपत्र नाही मिळालं तरी चालेल, एक आहे आधीच.

खडू_डस्टर:

वाचून हसू आलं आणि थोडं लागलंही, कारण मी रासेयोचा कार्यक्रम अधिकारी होतो. ग्रामीण भागातलं महाविद्यालय, आता निवृत्त आहे. तू माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची, तेव्हा अरे-तुरेच करतो.

योजना वाईट नाही गं. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे मिळून २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. एवढा वेळ खरोखर एका गावाला दिला तर पुष्कळ होतं. घोडं अडतं ते वेळापत्रकात. आमच्याकडे शिबिर नेहमी पहिल्या सत्राची परीक्षा उरकल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. आता वनराई बंधारा घे, म्हणजे मातीनं भरलेल्या पोत्यांचा ओढ्यातला बांध. तो घालायचा पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असताना, ऑक्टोबरच्या आसपास. जानेवारीत आमच्या भागातल्या ओढ्यात पाणी कुठलं? तरी शिबिरात बंधारे घातले जातात. कोरड्या ओढ्यात, कारण आराखड्यात 'जलसंधारण' लिहिलेलं असतं.

एक वर्ष आम्ही हट्टानं ऑक्टोबरातले रविवार धरले. गावातून सिमेंटची रिकामी पोती गोळा केली. मुलांना वाटतं पोतं गच्च भरलं की बंधारा मजबूत. तसं नसतं. गच्च पोतं गोल फुगतं, एकावर एक बसत नाही, फटीतून पाणी निघून जातं. पाऊण भरायचं, तोंड दाभणानं सुतळी ओढून शिवायचं, आणि गवंडी विटांची सांधमोड करतो तशी पोती रचायची. मधे चिकणमाती तुडवून बसवायची. हे शिकवलं आमच्या गावातल्या एका गवंड्यानं, मी नाही. त्या बंधाऱ्यानं खालच्या दोन विहिरींना हरभऱ्यापुरतं पाणी दिलं. मात्र शिबिराच्या तारखांच्या बाहेरचं काम म्हणून ते कुठल्या रकान्यात टाकायचं यावर मला खुलासा द्यावा लागला.

तुला सल्ला एकच. विद्यापीठात रासेयोचा विभाग आहे, विद्यार्थी विकास मंडळ आहे. तिथे जाऊन 'मला एखाद्या उपक्रमात घ्या' म्हणू नकोस. 'कुठल्या कामाला माणूस मिळत नाही?' असं विचार. उत्तर द्यायला समोरचा जरा वेळ घेईल, घेऊ दे.

एसी_लोकल:

रोखठोक लिहितो, राग मानू नका. गावचे बंधारे, रस्ते, संडास ही सरकारची कामं. त्यासाठी आपण कर भरतो. शिकायला आलात तर शिका, नोकरी लागली की वर्षाला दहा हजार चांगल्या संस्थेला द्या. चार तासांच्या श्रमदानापेक्षा त्याचा उपयोग जास्त. गरीब घरच्या मुलांनी फुकट राबायचं आणि श्रेय संस्थाचालकांनी घ्यायचं, हे मला पटत नाही.

शाई_लागलेलं_बोट:

एसी_लोकल, शेवटचं वाक्य मान्य, बाकीचं नाही. सरकारनं काम करावं म्हणून मागे लागणं हेसुद्धा कामच आहे आणि ते पैसे देऊन होत नाही.

दुधनाकाठची, तुमच्याच वसतिगृहात एक काम पडलेलं असेल: मतदार नोंदणी. निम्म्या मुलांना वाटतं की नाव फक्त गावीच लागतं. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी गावच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कुठेही एका ठिकाणी नाव नोंदवू शकतो. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी संस्थाप्रमुखाचं किंवा कुलसचिवांचं ठरावीक नमुन्यातलं बोनाफाईड लागतं. पहिल्यांदा नोंदणी असेल तर फॉर्म ६. गावी नाव आहे आणि इकडे आणायचंय तर फॉर्म ८. इथेच घोळ होतो, मुलं परत फॉर्म ६ भरतात आणि नाव दोन ठिकाणी लागतं, जे कायद्याला चालत नाही. आणखी एक: १८ पूर्ण व्हायची तारीख आता फक्त १ जानेवारी नाही. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात. मेसच्या बाहेर संध्याकाळी एक टेबल आणि एक चांगला चालणारा फोन, एवढंच भांडवल. कुठे मतदान करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, आपण गावाची ओढ तोडायला जायचं नाही.

दुसरं, पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करतात. आपल्या भागातलं छोटं काम, म्हणजे पदपथ, दिवे, बाक, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येतं. पावसाळ्याच्या शेवटी जाहिरात येते तिकडे लक्ष ठेवा. विद्यापीठ चौकातून रोज पायी जाणाऱ्यांना काय सुचवावं हे मी सांगायला नको.

पांढरी_काठी:

'मी नाही गेले तर कुणाचं तरी अडेल' हे वाक्य वाचलं, म्हणजे ऐकलं, आणि म्हटलं आता लिहायलाच हवं. कारण माझं अडतं.

मी पूर्ण अंध, एम.ए. राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. परीक्षेला लेखनिक लागतो. तीन तासांच्या पेपरला मला एक तास जास्त मिळतो (तासाला किमान वीस मिनिटं हा २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधला हिशोब), पण लेखनिकच आला नाही तर तो तास काय चाटायचाय? 'हो दादा, येतो की' म्हणणारे डझनभर भेटतात. पेपरच्या आदल्या रात्री त्यांच्या आजीला नेमकं बरं नसतं. मग मी रात्री अकराला ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना फोन लावत बसतो. त्या वेळात माझी उजळणी व्हायला हवी होती.

जे येतात त्यांच्यातही दोन जाती. एक, सांगितलेलं लिहिणारे. दुसरे, सुधारून लिहिणारे. मी सांगितलं 'राज्यसंस्था', एका हुशार पोरानं लिहिलं 'राज्य सरकार', कारण त्याला ते सोपं वाटलं. आमच्या विषयात या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सबंध उत्तर सार्वभौमत्वावर होतं, तपासणाऱ्याला वाटलं असेल हा मंत्रालयाबद्दल बोलतोय. चांगला लेखनिक काय करतो सांगू? आधी अख्खी प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखवतो. मग मी सांगेन तो प्रश्न परत वाचतो. लिहिताना मान हलवत नाही, 'हं' म्हणतो, कारण मान हललेली मला कळत नाही. मधेच 'दीड पान झालं' असं सांगतो. बस.

आता वाईट बातमी. तुमचं बी.ए. झालंय ना? मग तुम्ही बहुतेक बाद. आपण स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा, असा २०१८ च्या त्या सूचनांचा नियम. म्हणजे एवढी समज असलेली मुलगी चालत नाही आणि ज्याला 'सार्वभौमत्व' एका दमात लिहिता येत नाही तो चालतो. नियमामागची शंका मला कळते, त्रास मात्र आमचा.

पण तुम्हाला करता येईल असं एक काम आहे आणि त्याला कुणी हात लावत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. आमच्या नोट्स.

मी संगणकावर एनव्हीडीए वापरतो, तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. मराठी युनिकोडमध्ये असेल तर छान वाचतो. पण वर्षानुवर्षं फिरणाऱ्या नोट्स असतात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. तुम्हाला तिथे सुबक देवनागरी दिसते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. माझ्या कानात पडतं, 'डॉलर, कंस सुरू, एफ, टक्के, टक्के'. एकदा तर मी पाऊण पान मन लावून ऐकलं, म्हटलं आकडेवारी आली असेल. ती प्रस्तावना होती.

पुस्तक स्कॅन करून मजकूर काढला तर दुसरी तऱ्हा. 'धन'चं 'घन', 'भाग'चा 'माग', 'खाली'चं 'रवाली'. तळटीप वाक्याच्या मधोमध घुसते. तक्ता असेल तर सगळे आकडे एका ओळीत, कुठला कुणाचा पत्ता नाही. हे डोळ्यांनी बघून दुरुस्त करणारं माणूस हवं असतं. कायद्याची भीती नको, दिव्यांगांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच मुभा आहे. ऑनलाइन सुगम्य पुस्तकालय २०१६ पासून आहे, मी वापरतो, पण आमच्या अभ्यासक्रमातलं मराठी पुस्तक पेपरच्या आधी तिथे हाती लागेलच असं नाही.

वसतिगृहाच्या खोलीत बसून करण्यासारखं काम आहे. रात्री बाहेर जावं लागत नाही, खिशाला चाट नाही. आणि एसी_लोकल, हे दहा हजार देऊनही होत नाही. मी चौकशी केलीय.

एसी_लोकल:

पांढरी_काठी, हे माहीत नव्हतं. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात हा अनुभव आहे. नमुना फाईल पाठवलीत तर रविवारी बसून नेहमीच्या चुका एकगठ्ठा बदलणारं काहीतरी लिहून देतो. करावरचं मत बदललेलं नाही.

खडू_डस्टर:

माझ्याकडे वेळच वेळ आहे आणि शुद्धलेखनाची खोड जुनी. मलाही पानं पाठव. आणि लेखनिकांची गोष्ट: पुण्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांत माझे विद्यार्थी आता कार्यक्रम अधिकारी आहेत. प्रथम वर्षाची मुलं त्यांच्या हाताशी असतात. एका पेपरला दोन नावं, एक मुख्य आणि एक राखीव, अशी यादी परीक्षेआधी करून घेता येईल. राखीव मुलानं केंद्रावर येऊन बसायचं, आणि ते तास रासेयोच्या डायरीत धरायचे. आजी कुणाचीही आजारी पडो.

दुधनाकाठची:

शाई_लागलेलं_बोट, बोनाफाईडचं उद्याच कार्यालयात विचारते. मैत्रिणीला टेबलावर बसवणार आहे, तिला बोलायला आवडतं.

पांढरी_काठी दादा, मी पानं घेते. पण एक शंका. माझ्या विषयात अर्धं पुस्तक आकृत्यांचं. अर्थशास्त्राला तुमच्यासारखी मुलं असतील, ती मागणी वक्र कसा शिकतात? अक्षरं मी दुरुस्त करीन, आकृतीचं काय? आत्ता सहज लिहून बघितलं: 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे ही रेषा डावीकडून उजवीकडे खाली येते.' चालेल का?

पांढरी_काठी:

पदवीला एक ज्युनिअर आहे अर्थशास्त्राचा. तो आकृत्या सोडून देतो. विचारलं तर म्हणतो, ऑप्शनला टाकल्या.

तुमचं वाक्य नाही चालणार. 'दाखवल्याप्रमाणे' पहिलं काढा, मला काही दाखवलेलं नाही. आधी अक्ष सांगा: आडव्यावर काय, उभ्यावर काय. मग दोन बिंदू आकड्यांत द्या. मग रेषा कुठून कुठे जाते ते, आणि शेवटी तिचा अर्थ. 'इथे', 'तिथे', 'वरील', 'बाजूची' हे शब्द नकोत.

दुधनाकाठची:

'आडव्या अक्षावर मागणीचे नग, उभ्या अक्षावर एका नगाची किंमत रुपयांत. पहिला बिंदू: किंमत १०, मागणी ५. दुसरा बिंदू: किंमत ८, मागणी ७. दोन्ही बिंदूंतून जाणारी सरळ रेषा, डाव्या टोकाला उंच, उजवीकडे जाताना उतरती. अर्थ: किंमत उतरते तशी मागणी वाढते.'

पांढरी_काठी:

हे समजलं. मला, राज्यशास्त्रवाल्याला समजलं, म्हणजे त्यालाही समजेल. त्याचं पुस्तक आणि माझी पहिली वीस पानं मेसेजमध्ये पाठवतो. फाईलच्या नावात पान क्रमांक टाका आणि दुरुस्त केलेली फाईल नवीन नावानं साठवा, मूळ तशीच राहू द्या. सीमांत उपयोगितेची आकृती मात्र खडू_डस्टर सरांसाठी ठेवू नका, ती तुम्हीच घ्या.