'नंबर बनाना' म्हणजे महत्त्वाकांक्षा नव्हे

माजी_हवालदार: इथे कुणीतरी लिहिलंय की लष्करात नंबर बनवणारे, म्हणजे वरिष्ठांवर छाप पाडायला धडपडणारे, अधिकारी आहेत म्हणून युनिट चकाचक राहतं, त्यात गैर काय? गैर हे, की नंबर साहेबांचा बनतो आणि घाम जवानाचा निघतो. इन्स्पेक्शन आलं की फायरिंग बाजूला, चुना-गेरू सुरू. मंजूर सुट्ट्याही थांबतात. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न त्यात हुकलं. आणि रंगवलं काय, तर रस्त्याकडेचे दगड! पुढचा सीओ, म्हणजे युनिटचा प्रमुख, आला की ते उपटून बाग करणार, कारण चांगला सीआर (वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल) त्यालाही कमवायचाय.

कर्नलची_लेक: सरसकट बोलू नका. लेफ्टनंट कर्नलपर्यंत आता 13 वर्षांत टाइम स्केलने, म्हणजे सेवेच्या वर्षांवर, पोचता येतं. कर्नलसाठी नंबर थ्री निवड बोर्ड, ब्रिगेडियरसाठी नंबर टू. तिथे सीआरच बोलतो. 9 पैकी 8 मिळाले तरी मागे पडायची धास्ती. माझे बाबा कुणाच्या पुढेपुढे करणारे नव्हते. नंबर टू बोर्डात सुपरसीड झाले, बढती हुकली. दोष पद्धतीचा आहे.

माजी_हवालदार: पद्धत वाईट, मान्य. पण माझी सुट्टी पद्धतीने नाही, सही करणाऱ्याने थांबवली.

नायकाची_बायको: बायकांचं कुणी बोलत नाही. साहेबांच्या मॅडमच्या वेल्फेअर कार्यक्रमांसाठी आम्ही नाच बसवायचे, तान्हं पोर शेजारणीकडे टाकून. नाही गेलं की नवऱ्याला सुभेदार साहेब विचारणार.

कर्नलची_लेक: त्याच वेल्फेअरमध्ये आईने वीरनारींच्या पेन्शनचे कागद पूर्ण करून दिलेत. तेही नंबर बनवणं?

नायकाची_बायको: तुमच्या आईंनी केलं असेल, नाकारत नाही. पण आम्हाला 'येता का' असं कुणी विचारलं? निरोप आला की तो हुकूमच. नवऱ्याची रँक आम्ही कशाला अंगावर वागवायची?

कर्नलची_लेक: आईही कंटाळायची त्या कार्यक्रमांना. तेवढं खरं आहे तुमचं.

सिग्नलवाला: मूळ मुद्दा कुठच्या कुठे गेला. जवान नंबर बनवत नाहीत? प्रमोशन केडरच्या (बढतीसाठीच्या कोर्सच्या) आधी सीनियर जेसीओच्या, म्हणजे सुभेदार वगैरेंच्या, मागेपुढे घुटमळणारे नायक काय कमी पाहिलेत?

माजी_हवालदार: होते तसले. पण नायकाने नंबर बनवला तर एखाद्याच्या गळ्यात जादा गार्ड ड्यूटी पडते. सीओने बनवला तर अख्खं युनिट राबतं. एका तागडीत तोलू नका.

सिग्नलवाला: ती जादा ड्यूटी माझ्याच गळ्यात पडायची, साहेब. बर्फात, रात्री दोन ते चार. मला ती लहान वाटत नाही.